खिदिरपूरचे व्योमेशचंद्र बॅनर्जी: मतपेटीविना निवडले गेलेले पहिले काँग्रेस अध्यक्ष

मुंबईतील गोवालिया टँक परिसरात असलेल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयाच्या सभागृहात २८ डिसेंबर १८८५ रोजी दुपारी भारतीय राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले ७२ प्रतिनिधी उपस्थित होते. सभेचा अध्यक्ष ठरविणे हे पहिले काम होते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एक नाव सुचविले, मद्रासचे एस. सुब्रमण्यम अय्यर यांनी अनुमोदन दिले आणि मुंबईचे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी पाठिंबा दर्शविला. दुसरे नाव पुढे आले नाही, मतदान झाले नाही. कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी एकमताने अध्यक्ष झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांना ४१ वर्षे पूर्ण होणार होती.

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तेथील पक्ष आपला उमेदवार कसा निवडतात, याविषयी आपल्याकडेही कुतूहल जागे होते. प्रायमरी, कॉकस, प्रतिनिधी, अधिवेशन हे शब्द कानावर पडतात; त्यांची सांगड मात्र चटकन लागत नाही. या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. मतदारासमोर जी नावे येतात, ती आधी कोण ठरवतो? आपल्या देशातील सर्वात जुन्या राष्ट्रीय पक्षापुरता हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो व्योमेशचंद्रांच्या निवडीच्या वेळी, आणि तो तेव्हा कोणी विचारलाही नाही.

खिदिरपूर ते मिडल टेंपल

व्योमेशचंद्रांचा जन्म २९ डिसेंबर १८४४ रोजी कलकत्त्याच्या दक्षिणेकडील खिदिरपूर येथे झाला. बंगालीत त्यांचे नाव उमेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजीतील त्यांच्या लेखनपद्धतीमुळे मराठी ग्रंथांत ते व्योमेशचंद्र म्हणून रूढ झाले. हुगळीकाठच्या खिदिरपूरची ओळख पुढे गोदीमुळे झाली. मात्र गोदीचे बांधकाम १८८० च्या दशकातले. व्योमेशचंद्रांच्या बालपणी तेथे गोदी झालेली नव्हती. मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वडिलांचे घरही याच वस्तीत होते.

बॅनर्जी कुटुंब मूळचे हावड्याच्या पश्चिमेकडील बागांडा गावचे. आजोबा पीतांबर कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले. वडील गिरीशचंद्र ॲटर्नी होते. आई सरस्वतीदेवी या त्रिवेणीचे थोर संस्कृत पंडित जगन्नाथ तर्कपंचानन यांच्या वंशातील. एका बाजूला इंग्रजी न्यायालय आणि दुसऱ्या बाजूला धर्मशास्त्राची परंपरा, अशा घरात हा मुलगा वाढला. ओरिएंटल सेमिनरी आणि हिंदू स्कूल येथे शिक्षण झाले, १८५९ मध्ये हेमांगिनी यांच्याशी विवाह झाला आणि १८६२ मध्ये गिलँडर्स या ॲटर्नीच्या कचेरीत त्यांनी कारकुनी पत्करली.

पुढील वळण मुंबईच्या पैशामुळे आले. सर जमशेटजी जीजीभाई यांचे चिरंजीव रुस्तमजी यांनी भारतीय तरुणांना इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेता यावे म्हणून शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक मिळवून व्योमेशचंद्र १८६४ मध्ये विलायतेस गेले. मुंबईचे फिरोजशहा मेहता यांनाही हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा उसळला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक शेठांबरोबर रुस्तमजीही बुडाले.

लंडनमध्ये व्योमेशचंद्र मिडल टेंपलमध्ये दाखल झाले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्या तीन-चार वर्षांतील अभ्यासापेक्षा त्या काळातील सहवास आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १८६५ मध्ये दादाभाई नौरोजी यांच्या पुढाकाराने लंडन इंडियन सोसायटी स्थापन झाली आणि व्योमेशचंद्र तिचे चिटणीस झाले. बद्रुद्दीन तय्यबजी त्याच सुमारास लंडनमध्ये बॅरिस्टर होत होते, फिरोजशहाही तेथेच होते.

आता काँग्रेसच्या पहिल्या काही अध्यक्षांची यादी पाहावी. १८८५ मध्ये व्योमेशचंद्र, १८८६ मध्ये दादाभाई, १८८७ मध्ये बद्रुद्दीन, १८९० मध्ये फिरोजशहा. म्हणजे पहिल्या सहा अधिवेशनांपैकी चार अधिवेशनांचे अध्यक्ष वीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये एकमेकांना ओळखू लागलेल्या तरुणांतून आले. उरलेले दोन, जॉर्ज यूल आणि विल्यम वेडरबर्न, ब्रिटिश होते. कोणी कट केला होता, असा याचा अर्थ नव्हे. देशभर परस्परांना ओळखणारी आणि एका भाषेत बोलू शकणारी माणसेच तेव्हा मोजकी होती. तरीही उमेदवारांची यादी अधिवेशनाच्या मांडवाबाहेर, फार आधी तयार झाली होती, एवढे खरे.

कलकत्त्याचा बॅरिस्टर

१८६८ मध्ये ते कलकत्त्यास परतले. समुद्र ओलांडल्यामुळे सनातनी समाजाच्या दृष्टीने ते जातीबाहेर गेले होते. त्यांनी राहणी पूर्णपणे साहेबी ठेवली आणि पत्नी व मुले यांचा बराच काळ इंग्लंडमध्ये गेला. हेमांगिनी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. व्योमेशचंद्र स्वतः हिंदूच राहिले. या संसाराचे चित्र त्यांची कन्या जानकी मजुमदार यांनी लिहिलेल्या कुटुंबाच्या इतिहासात आढळते. तो इतिहास २००३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय सभेचा पहिला अध्यक्ष घरी कसा वागे, हे जाणून घ्यायचे असेल तर अधिवेशनांच्या अहवालांपेक्षा हे पुस्तक अधिक बोलके आहे.

उच्च न्यायालयात त्यांचा जम लवकर बसला. सरकारचे स्टँडिंग कौन्सेल म्हणून हंगामी काम करण्याची संधी त्यांना चार वेळा मिळाली. या पदावर काम करणारे ते पहिले भारतीय. पण सरकारी कामामुळे त्यांनी सरकारला न रुचणारे खटले टाळले नाहीत. १८८३ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आपल्या वृत्तपत्रात न्यायमूर्ती नॉरिस यांच्यावर टीका केली. शाळिग्राम न्यायालयात आणविल्याचे ते प्रकरण होते. न्यायालयाच्या अवमानाबद्दल खटला झाला तेव्हा सुरेंद्रनाथांची बाजू व्योमेशचंद्रांनी मांडली. सुरेंद्रनाथांना दोन महिन्यांची कैद झाली आणि बंगालमध्ये निषेधाची लाट उसळली. सुरेंद्रनाथ लोकनायक झाले. वकील मात्र वकीलच राहिला.

ही तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण १८८५ मध्ये जनसामान्यांत मान्यता असलेला बंगाली नेता हवा होता असे गृहीत धरले, तर नाव सुरेंद्रनाथांचेच पुढे यायला हवे होते.

पुण्याऐवजी मुंबई

पहिले अधिवेशन पुण्यात व्हायचे होते. सार्वजनिक सभेने पर्वतीजवळ हिराबागेत तयारीही केली होती. ऐन वेळी पुण्यात पटकीचे रुग्ण आढळले आणि अधिवेशन मुंबईला हलवावे लागले. पुण्याला काँग्रेसचे यजमानपद लाभण्यासाठी पुढे १८९५ साल उजाडले. योगायोग असा, की त्या पुणे अधिवेशनाचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ होते.

अध्यक्षपदासाठी ह्यूम यांच्या मनात आधी वेगळेच नाव होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावे, अशी त्यांची कल्पना होती. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी ती मोडून काढली. गव्हर्नरसमोर लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ही हकीकत स्वतः व्योमेशचंद्रांनी १८९८ मध्ये लिहून ठेवली. सभेला राजकीय स्वरूप देण्याची सूचनाही डफरिन यांचीच, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. नंतरच्या इतिहासकारांनी या दुसऱ्या भागाबद्दल गंभीर शंका घेतल्या असून त्या रास्त वाटतात, कारण डफरिन यांचा पुढील पत्रव्यवहार या समजाशी जुळत नाही.

गव्हर्नर नाही तर मग कोण? यजमान मुंबईचे होते, प्रतिनिधींतही मुंबई इलाख्याचीच संख्या मोठी होती. अध्यक्षही मुंबईचा केला असता तर सभा प्रांतिक वाटली असती. बंगालमधून जेमतेम तीन-चार प्रतिनिधी आले होते. सुरेंद्रनाथ नव्हतेच; त्याच दिवसांत कलकत्त्यात त्यांच्या पुढाकाराने दुसरी राष्ट्रीय परिषद भरली होती आणि ते तिच्यात गुंतले होते. अशा स्थितीत राजधानीचा, सरकारदरबारी प्रतिष्ठा असलेला, कोणाशीही उघड वैर नसलेला आणि मुंबईच्या पुढाऱ्यांना विशीपासून ठाऊक असलेला बॅरिस्टर सर्वांना मानवला. निवडीची कारणे तेव्हा कोणी मांडली नाहीत, पण प्रसंगाची जुळणी पाहता हा निष्कर्ष टाळता येत नाही. सर्वांना सर्वात प्रिय असलेला माणूस नव्हे, तर कोणालाच अप्रिय नसलेला माणूस निवडला गेला.

या सभेला प्रातिनिधिक म्हणता येईल काय, याची जाणीव व्योमेशचंद्रांना होती. उपस्थितांना कोणी रीतसर निवडून दिलेले नव्हते. बहुतेक वकील, संपादक, शिक्षक आणि व्यापारी होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिले. भावना आणि गरजा समान असणे हा जर इतरांच्या वतीने बोलण्याचा आधार होऊ शकत असेल, तर आपण देशाचे प्रतिनिधी आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. बॅरिस्टरला शोभेल असाच तो होता. त्यातील जर-तर बारकाईने घातलेले होते.

त्याच अधिवेशनात तेलंगांनी मांडलेला एक ठराव मंजूर झाला. विधिमंडळांचा विस्तार करून त्यांत निवडून आलेले सभासद पुरेशा संख्येने घ्यावेत, अशी मागणी त्यात होती. स्वतः न निवडलेल्या सभेने, मतदानाविना ठरलेल्या अध्यक्षाच्या उपस्थितीत, निवडणुकीची मागणी केली होती. यात ढोंग नव्हते. मतदार याद्याच नसलेल्या देशात सुरुवात दुसऱ्या कोणत्या मार्गाने होऊ शकली असती, हे सांगणे कठीण आहे.

शिकागोतील अधिवेशने

व्योमेशचंद्रांच्या निवडीच्या दीड वर्ष आधी, १८८४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील दोन्ही मोठ्या पक्षांनी शिकागो येथे आपले उमेदवार ठरविले. जूनमध्ये रिपब्लिकन प्रतिनिधींनी पदावर असलेले अध्यक्ष चेस्टर आर्थर यांना बाजूला सारून मतदानाच्या चौथ्या फेरीत जेम्स ब्लेन यांना निवडले. जुलैमध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधींनी दुसऱ्या फेरीत ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची निवड केली. तेथे मतमोजणी होती, फेऱ्या होत्या, राज्याराज्यांची गणिते होती. पण मतदान करणारे प्रतिनिधी राज्यांतील पक्षपुढाऱ्यांच्या मर्जीतले असत. सामान्य मतदाराला उमेदवार ठरल्यावरच आपले मत देता येई.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचा किंवा पक्षांतर्गत उमेदवारीचा उल्लेखच नाही. प्रारंभी संसदेतील पक्षसदस्य एकत्र बसून नाव ठरवीत. त्या बैठकीला कॉकस म्हणत. १८२४ मध्ये तिने पुढे केलेले विल्यम क्रॉफर्ड मागे पडले आणि ती पद्धत लयाला गेली. १८३१ पासून राष्ट्रीय अधिवेशनांची प्रथा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी काही राज्यांत प्रायमरी, म्हणजे मतदारांनी पक्षाचा उमेदवार सुचविण्याची निवडणूक, आली. तरी १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकूनही उमेदवारी विल्यम टॅफ्ट यांनाच मिळाली, आणि १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता उमेदवार झाले. त्या वर्षी शिकागोत रस्त्यावर जे घडले, त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरी व राज्यांतील कॉकस यांतून प्रतिनिधी निवडण्याला निर्णायक महत्त्व आले. मात्र जुनी वाट पूर्ण बुजलेली नाही. जुलै २०२४ मध्ये जो बायडन यांनी माघार घेतली, तेव्हा अध्यक्षपदासाठी त्या वर्षी एकही प्रायमरी न लढलेल्या कमला हॅरिस यांची निवड प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने केली. अधिवेशन त्यानंतर भरले, तेही शिकागोतच.

क्रॉयडनमधील खिदिरपूर

काँग्रेसचा अध्यक्ष त्या काळी फक्त अधिवेशनापुरता असे. वर्षभराचा भार सरचिटणीस म्हणून ह्यूम वाहत. पण व्योमेशचंद्र अधिवेशन संपताच बाजूला झाले नाहीत. १८८९ मध्ये लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश समिती स्थापन झाली. तिच्या कामाला त्यांनी वेळ दिला आणि स्वतःच्या खिशातून पैसाही घातला. लंडनजवळ क्रॉयडन येथे त्यांनी कुटुंबासाठी घर घेतले होते. त्या घराचे नाव होते खिदिरपूर. पेहरावाने, भाषेने आणि राहणीने इंग्रज झालेल्या या गृहस्थाने परदेशातील दारावर जन्मगावाचे नाव लावावे, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावावा.

१८९२ च्या अलाहाबाद अधिवेशनात ते दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले. त्याच वर्षी विधिमंडळांबाबतचा नवा कायदा आला. त्यात निवडणूक हा शब्द कटाक्षाने टाळलेला होता. विद्यापीठे, नगरपालिका यांसारख्या संस्थांनी नावे सुचवावीत आणि सरकारने ती नेमावीत, अशी रचना होती. या मार्गाने १८९३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून व्योमेशचंद्र बंगालच्या विधिमंडळात गेले. १८८५ च्या ठरावाचे एवढेच फळ त्यांच्या वाट्याला आले.

१९०२ मध्ये ते इंग्लंडला कायमचे गेले आणि प्रिव्ही कौन्सिलमध्ये वकिली करू लागले. लंडनलगतच्या वॉल्थमस्टो मतदारसंघासाठी लिबरल पक्षाने त्यांना उमेदवार म्हणून निवडले होते. तेथे खऱ्या मतदारांसमोर जाण्याची वेळ येणार होती. परंतु दृष्टी अधू होत गेली, प्रकृती ढासळली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. १९०६ च्या निवडणुकीत ती जागा लिबरल पक्षाच्याच जॉन सायमन यांनी जिंकली. भारताच्या घटनात्मक सुधारणांसाठी १९२७ मध्ये नेमलेल्या आणि आपल्याकडे बहिष्कार टाकल्या गेलेल्या आयोगाचे अध्यक्ष ते हेच.

व्योमेशचंद्रांचे निधन २१ जुलै १९०६ रोजी क्रॉयडन येथे झाले. त्यांच्यावर लंडनमधील गोल्डर्स ग्रीन येथे अंत्यसंस्कार झाले.

एकमत मोडले

त्यानंतर पाचच महिन्यांनी कलकत्त्यात काँग्रेस भरणार होती आणि अध्यक्ष कोण, यावरून प्रथमच उघड तंटा उभा राहिला होता. वंगभंगाने वातावरण तापले होते. जहाल गटाला लोकमान्य टिळक हवे होते, मवाळांना ते चालणार नव्हते. तोडगा म्हणून ८१ वर्षांच्या दादाभाईंना इंग्लंडहून बोलावण्यात आले. त्यांच्या नावाला विरोध करणे कोणालाच शक्य नव्हते. १८८५ चाच मार्ग पुन्हा वापरला गेला आणि तो शेवटचा यशस्वी ठरला.

पुढच्या वर्षी अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे टिळकपक्षाचे बळ मोठे असल्याने मवाळांनी ते सुरतेला नेले. डिसेंबर १९०७ मध्ये रासबिहारी घोष यांच्या नावाचा ठराव मांडून अनुमोदन मिळत असतानाच गोंधळ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी टिळक उपसूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, त्यांना बोलू दिले गेले नाही, एक जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. ठराव, अनुमोदन, टाळ्या या ज्या तीन पायऱ्यांनी व्योमेशचंद्र काही मिनिटांत अध्यक्ष झाले होते, त्याच पायऱ्यांवर काँग्रेस दुभंगली.

मग नियम आले. प्रांतिक समित्यांनी नावे सुचवायची आणि त्यांतून निवड करायची, अशी पद्धत बसविण्यात आली. त्या पद्धतीने टिळक १९१८ च्या दिल्ली अधिवेशनाचे अध्यक्ष निवडले गेले, पण चिरोल खटल्यासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागले आणि अध्यक्षस्थानी मदनमोहन मालवीय बसले. महाराष्ट्राच्या सर्वात मोठ्या नेत्याने काँग्रेसचे अध्यक्षपद कधीच भूषविले नाही. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. मतपेटीने दिलेले हे अध्यक्षपद त्यांना तीन-चार महिन्यांतच सोडावे लागले, कारण महात्मा गांधी आणि कार्यकारिणीतील बहुतेक सदस्य त्यांच्यासोबत नव्हते. राजीनामा त्यांनी कलकत्त्यातच दिला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर यांच्यात या पदासाठी लढत झाली. खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते मिळाली. प्रत्यक्ष लढतीने अध्यक्ष ठरण्याची ती काँग्रेसच्या इतिहासातील सहावी वेळ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पक्षाच्या स्थापनेला त्या वेळी जवळपास १३७ वर्षे झाली होती.